आधी एक ब्लेड, मग हजार कोअर: जेट इंजिनचा कॉम्प्रेसर क्लस्टरवर कसा चालवायचा

जानेवारी उजाडला, एमटेकच्या पोरांची प्रोजेक्टची घाई सुरू झाली की मला हमखास फोन येतो, "दादा, जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरचं सिम्युलेशन करायचंय, क्लस्टरवर किती कोअर मागू?" मी विचारतो, एका ब्लेडचं उत्तर बरोबर आलंय का? की पलीकडे शांतता. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी तासभर फोनवर घालवण्यापेक्षा हेच पाठवून देता येईल. क्लस्टर म्हणजे जोडून एकत्र कामाला लावलेले अनेक कॉम्प्युटर, आणि कोअर म्हणजे त्यांच्या प्रोसेसरमधला हिशोब करणारा एक-एक भाग. कोअर किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, एवढं आधी डोक्यात घ्या आणि मग वाचा.

कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनचा पुढचा, फिरत्या ब्लेडनी हवा दाबून आत ढकलणारा भाग, टर्बाइन म्हणजे मागचा, गरम हवेवर फिरणारा. कॉम्प्रेसरच का अवघड ते आधी सांगतो. टर्बाइनमध्ये हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, म्हणजे कात्रजचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला सोडल्यासारखं, फार डोकं लावावं लागत नाही. कॉम्प्रेसरमध्ये तीच हवा घाट चढवायची असते. ब्लेडला चिकटून वाहणारा मंद थर, बाउंडरी लेयर, आधीच दमलेला असतो, त्याला पुढे अजून दाब लागला की तो ब्लेडपासून सुटतो आणि मागे भोवरे सुरू. थोडं जास्त ताणलं की स्टॉल, म्हणजे ब्लेडमधली हवा अडते, त्याहून ताणलं की सर्ज, म्हणजे मागे दाबून भरलेली हवा उलटी पुढच्या तोंडातून बाहेर यायला बघते आणि अख्खं इंजिन हादरतं. ही हद्द नक्की कुठे आहे ते आधी कळावं म्हणून हा सगळा खटाटोप, कारण खऱ्या रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, टेस्ट करायची म्हटलं तर खर्च बघूनच डोळे पांढरे होतात.

आता केस कुठली घ्यायची. स्वतः डिझाइन केलेला कॉम्प्रेसर घेऊन सुरुवात करू नका, हात जोडून सांगतो. त्याचं उत्तर चुकलंय की बरोबर आलंय हे तुम्हाला कोण सांगणार? ज्याची मोजमापं छापलेली आहेत तोच घ्या. मी सगळ्यांना रोटर ३७ सांगतो, रोटर म्हणजे कॉम्प्रेसरचं ब्लेड लावलेलं फिरतं चाक. अमेरिकेत क्लीव्हलंडला नासाचं लुईस सेंटर आहे, आता त्याला ग्लेन म्हणतात, तिथे सत्तरच्या दशकात हा बनवला आणि तपासला, १९७८ च्या रिपोर्टात त्याच्या ब्लेडचे कोऑर्डिनेटसुद्धा छापलेत. ३६ ब्लेड, स्पीड १७,१८८ आरपीएम, टोकाचा वेग सेकंदाला ४५४ मीटर म्हणजे आवाजापेक्षा जास्त, डिझाइनला सेकंदाला २०.१९ किलो हवा आणि प्रेशर रेशो, म्हणजे बाहेर पडतानाचा दाब भागिले आत येतानाचा, २.१०६. १९९४ मध्ये एएसएमईनं, म्हणजे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेनं, याच रोटरवर ब्लाइंड टेस्ट ठेवली होती, म्हणजे मोजलेली उत्तरं झाकून ठेवली आणि लोकांना म्हणाले, चालवा तुमचे कोड. भल्याभल्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत. त्यामुळे तुमचं पहिल्या फटक्यात जुळलं नाही तर रडत बसू नका, पण पहिल्या फटक्यात अगदी तंतोतंत जुळलं तर मात्र संशय घ्या.

मशीनला हात लावायच्या आधी वहीत थोडा हिशोब करा. १७,१८८ आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण २८६ फेऱ्या, एका फेरीला साडेतीन मिलिसेकंद, एका जागेसमोरून एक ब्लेड जाऊन दुसरं यायला ९७ मायक्रोसेकंद. हवा आत येते १५ डिग्रीला आणि टेंपरेचर रेशो, केल्विनमधला, १.२७ धरला तर बाहेर पडते ९३ डिग्रीला, चहाच्या आधणाच्या जरा अलीकडे, आणि हे एकाच रोटरमधून जाताना, बर्नर अजून लांब आहे. एफिशिअन्सी पण हातानं काढून ठेवा: प्रेशर रेशोचा ०.२८५७ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, आणि टेंपरेचर रेशोतून १ वजा करून जे राहील त्यानं भागा. २.१०६ ला वर ०.२३७ येतं, खाली ०.२७, म्हणजे जवळपास ०.८८. तुमचा सॉफ्टवेअर ०.९६ दाखवत असेल तर तुम्ही क्रांती केलेली नाही, कुठेतरी टोटल प्रेशरच्या (वेगाचा दाब धरून) जागी स्टॅटिक (नुसता दाब) घेतलंय.

३६ ब्लेड सारखेच, म्हणून एकाचीच १० अंशांची फोड कापायची, संत्र्याच्या फोडीसारखी, आणि दोन्ही कडांना पिरिऑडिक बाउंडरी लावायची, म्हणजे डावीकडून बाहेर पडलेली हवा उजवीकडून आत. ही एक फोड हेच तुमचं पहिल्या महिन्याचं काम.

मेशमध्ये, म्हणजे हवेची जागा ज्या छोट्या खान्यांत, सेलमध्ये, वाटतो त्या जाळीत, दोन जागा जीव खातात. एक म्हणजे टिप गॅप, ब्लेडचं टोक आणि बाहेरचं केसिंग यातली फट. या रोटरला ती ०.३५६ मिमी आहे, झेरॉक्सचे तीन-चार कागद मावतील एवढीच, पण तिच्यातून दाबाच्या बाजूची हवा पलीकडे निसटते, तिचा पीळदार भोवरा होतो, तो जाऊन शॉकला, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान हवेत दाब एकदम चढतो त्या पडद्याला, धडकतो आणि स्टॉलची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. त्या फटीत उभ्या दिशेनं १५-२० सेल तरी द्या, चार सेल देऊन भोवरा दिसत नाही म्हणून तक्रार करू नका. दुसरी जागा भिंतीलगतची. वाय प्लस, म्हणजे पहिला सेल भिंतीला किती जवळ आहे त्याचं माप, एकच्या आसपास हवा असेल तर या वेगाला पहिला सेल साधारण एक मायक्रॉन उंचीचा लागतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा सत्तरावा वगैरे भाग. तिथून पुढे प्रत्येक थर सव्वापटीपेक्षा जास्त वाढवू नका. एवढं सगळं केलं की एका फोडीला १५ लाखांच्या आसपास सेल होतात, ठीक आहे तेवढे. जीमेश नावाच्या मेशिंगच्या सॉफ्टवेअरवर फुकटात होतं पण ब्लेडभोवती नीट स्ट्रक्चर्ड मेश बसवायला घाम निघतो, कॉलेजकडे टर्बोमशिनरीचं मेशिंग टूल असेल तर लाज न बाळगता ते वापरा, फक्त पुढच्या सॉल्व्हरच्या (समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायसन्सला कोअरची मर्यादा किती ते आधी विचारा, नाहीतर हजार कोअर मिळूनही लायसन्स म्हणणार चारच.

सॉल्व्हर कुठला यावर पोरं भांडतात. माझं मत विचाराल तर या केसला एसयू-टू घ्या, फुकट आहे, डेन्सिटी बेस्ड आहे, म्हणजे अशा वेगवान हवेला सोयीचा, मिक्सिंग प्लेन (काय ते पुढे येईल) आणि टर्बोमशिनरीच्या बाउंडरी आधीपासून आहेत. ओपनफोम हा दुसरा फुकट सॉल्व्हरही चांगलाच आहे, मी रोज वापरतो, पण सुपरसॉनिक शॉक, फिरती फ्रेम आणि ही असली मेश तिन्ही एकत्र आले की तो हट्टाला पेटतो आणि तुमचे आठवडे जातात. टर्ब्युलन्सला, म्हणजे हवेच्या खळबळीच्या मॉडेलला, के-ओमेगा एसएसटी नाहीतर स्पालार्ट-अलमारस, सुरुवातीला यापलीकडे डोकं चालवू नका.

बाउंडरी कंडिशन, म्हणजे कडांवर द्यायचे आकडे: इनलेटला टोटल प्रेशर १,०१,३२५ पास्कल, टोटल टेंपरेचर २८८.१५ केल्विन, हवा सरळ अक्षाच्या दिशेनं. आउटलेटला स्टॅटिक प्रेशर, पण सगळीकडे एकच आकडा द्यायचा नाही, हबला, म्हणजे ब्लेड बसतात त्या मधल्या गोलाला, द्यायचा आणि वर रेडियल इक्विलिब्रियमनं वाढू द्यायचा, कारण बाहेर पडणारी हवा गोल फिरत असते आणि ती केसिंगकडे दाबली जाते. आता ज्यात मी स्वतः तीन आठवडे घालवले ते सांगतो. आपण सगळं फिरत्या फ्रेममध्ये सोडवतो, म्हणजे ब्लेड स्थिर आणि जग फिरतंय. त्यामुळे केसिंग, जे खरं तर जागेवर आहे, ते या फ्रेममध्ये उलटं फिरायला पाहिजे. मी ते तसंच सोडलं, म्हणजे माझं केसिंग ब्लेडबरोबर फिरत होतं. गंमत म्हणजे प्रेशर रेशो फारसा वाईट येत नव्हता, म्हणून शंका आली नाही, फक्त टिपचा भोवरा कुठेतरी भलतीकडेच जायचा, आणि मी टर्ब्युलन्स मॉडेल बदलत बसलो, मेश बारीक करत बसलो. शेवटी एका ज्युनिअर पोरीनं स्क्रीनकडे बघून विचारलं, "दादा, ही भिंत पण फिरतीये का?" तेव्हापासून केस लावली की मी पहिल्यांदा केसिंगचा वेग स्थिर फ्रेममध्ये शून्य आहे का ते बघतो, आणि फिरण्याची दिशा ब्लेडच्या वळणाशी जुळते का ते. दिशेचं चिन्ह उलटं पडलं तर कॉम्प्रेसरचा वीज खाणारा पंखा होतो, दुसरं काही नाही.

चालवताना पहिल्यांदा फर्स्ट ऑर्डर (ढोबळ गणित), सीएफएल (एका फटक्यात उत्तर किती पुढे न्यायचं तो आकडा) कमी, आरपीएम अर्ध्यावर, मग हळूहळू वाढवत न्या. आणि सुरुवात नेहमी चोकच्या बाजूनं करा, म्हणजे मागचा दाब कमी ठेवून. चोक म्हणजे संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडायचा रस्ता, पुढे कितीही मोकळं केलं तरी त्या अरुंद जागेतून ठरावीक गाड्यांपेक्षा जास्त जातच नाहीत. या रोटरला मोजलेला चोक सेकंदाला २०.९३ किलो आहे. तुमचा आकडा अर्ध्या-एक टक्क्यात आला तर मेश आणि भूमिती बरी बसली म्हणायची. तिथून मागचा दाब टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, आधी दोन-दोन हजार पास्कलनं, मग स्टॉल जवळ आला की पाचशे-पाचशेनं, प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरावरून रीस्टार्ट. असे दहा-बारा बिंदू जोडले की एक स्पीडलाइन तयार. तुलना करताना तुमच्या चोकच्या ९८ टक्के फ्लोवर करा, सगळे तिथेच करतात.

नुसता रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, खाली गेला म्हणून खूश होऊ नका. आत आलेली हवा आणि बाहेर गेलेली हवा यातला फरक ०.१ टक्क्याच्या आत आला का, एफिशिअन्सी शेवटच्या पाचशे इटरेशनमध्ये, म्हणजे उत्तर सुधारायच्या आवर्तनांत, हलायची थांबली का, हे बघा. हबजवळ, ब्लेडच्या खालच्या पाव-एक उंचीत, टोटल प्रेशर मोजमापापेक्षा जास्त येईल, ते ९४ पासून बहुतेकांचं येतंय, रोटरच्या पुढे हबमधल्या फटीतून गळणारी हवा आपण मॉडेलमध्ये घेत नाही हे त्यातलं एक कारण मानलं जातं, त्यावर वाद अजून संपलेला नाही आणि तुमच्या थीसिसनं संपणार पण नाही.

हे सगळं १५ लाख सेलचं काम बऱ्या वर्कस्टेशनवर होतं. बऱ्याच कॉलेजांत सीडॅकचा, म्हणजे सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्या सरकारी संस्थेचा, परम शावक हा छोटा सुपरकॉम्प्युटर कोपऱ्यात उभा असतो, त्यावर कव्हर घातलेलं असतं, ते काढा आणि वापरा.

मग सुपरकॉम्प्युटर कशाला? कारण एक फोड स्टॉल दाखवू शकत नाही. खरा रोटेटिंग स्टॉल म्हणजे पाच-सहा ब्लेडमधली हवा एकदम अडते आणि तो अडलेला पट्टा रोटरच्या साधारण निम्म्या वेगानं गोल फिरत राहतो, आणि तुम्ही तर पिरिऑडिक बाउंडरी लावून आधीच जाहीर केलंय की ३६ च्या ३६ ब्लेडमध्ये एकच गोष्ट घडते. एका फोडीवर सॉल्व्हर फुटला तो आकडा स्टॉल म्हणून छापू नका, तो सॉल्व्हरचा स्टॉल आहे, इंजिनचा नाही. दुसरं कारण म्हणजे मागचा स्टेटर. रोटर ३७ च्या मागे ४६ स्थिर ब्लेडचा स्टेटर आहे. मिक्सिंग प्लेन लावला तर मधल्या जागी सगळं गोलाकार सरासरी होऊन पुढे जातं, डिझाइनच्या कामाला चालतं, पण रोटरच्या मागचा वेक, म्हणजे ब्लेडमागची ढवळलेली हवा, स्टेटरवर आपटतो ते त्यात पुसलं जातं. ते बघायचं तर स्लायडिंग मेश, म्हणजे रोटरची मेश खरोखर स्टेटरपुढून सरकवायची, आणि ३६ आणि ४६ ला सामाईक फक्त २, म्हणजे निदान अर्धं चाक घ्यावंच लागतं, १८ रोटर ब्लेड आणि २३ स्टेटर. ४१ फोडी गुणिले १५ लाख, सव्वासहा कोटींच्या जरा खाली. आता बोला कोअरबद्दल.

पॅरलल म्हणजे काय तर या सहा कोटी सेलचे तुकडे करायचे, मेटिस नावाची लायब्ररी ते करते, एका कोअरला एक तुकडा, आणि प्रत्येक इटरेशनला शेजाऱ्यांना कडेच्या सेलचे आकडे एमपीआयनं, म्हणजे कोअरना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या लायब्ररीनं, पाठवायचे. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं, प्रत्येकाचा संसार वेगळा पण भिंतीपलीकडचं कळल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. एका कोअरला ६० हजार सेल दिले तर घनाची बाजू साधारण ३९ सेलची, कडेचे सेल नऊ हजार, म्हणजे १५ टक्के. हावरटपणानं कोअर वाढवत तुकडा हजार सेलचा केला तर बाजू १० ची आणि कडेला सहाशे, ६० टक्के! मग कोअर काम कमी आणि गप्पा जास्त मारतात. म्हणून कोअरला ५० हजार ते एक लाख सेल हा माझा अंदाजपट्टा. आपल्या सहा कोटींना ९६० कोअर, ४८ कोअरचा नोड (क्लस्टरमधला एक कॉम्प्युटर) असेल तर २० नोड, प्रत्येकाला ६४ हजार सेल. दहा हजार कोअर मिळाले तरी घेऊ नका. आणि जे काम वाटताच येत नाही, म्हणजे फाइल वाचणं, सरासरी काढणं, ते एकूण कामाच्या एक टक्का जरी असलं तरी हजार कोअरवर तुमचा वेग ९१ पटच होतो, हा अ‍ॅमडालचा नियम, तो कुणाला चुकलेला नाही.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. नोडमध्ये ४८ कोअर आहेत म्हणून ४८ पट वेग येत नाही. इथे भरपूर दिसणाऱ्या इंटेलच्या झिऑन प्रोसेसरच्या कॅस्केड लेक पिढीत एका प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनल, आणि त्यावर चोवीस कोअर. मिसळीच्या हॉटेलात चोवीस वाढपी आणि रश्श्याच्या सहाच पळ्या असं समजा, मटकी कितीही पटापट वाढली तरी रश्श्याला रांग लागणारच. सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं हे सगळं गणित, हा पूर्ण रश्श्याचा, म्हणजे मेमरीचा, धंदा आहे. कधीकधी नोडवर ३६ च कोअर वापरून जवळपास तोच वेग मिळतो, चालवून बघा. म्हणूनच स्केलिंगचा ग्राफ काढताना पाया एका कोअरचा धरू नका, एका पूर्ण नोडचा धरा. तीच मेश, शंभर इटरेशन, १, २, ४, ८, १६, २० नोड, फाइल लिहिणं बंद ठेवून, आणि वेळ मांडा. आठ नोडला सहापट मिळालं तर छान. आदर्शाच्या ७० टक्क्यांखाली घसरलं की तिथेच थांबा. हा एक ग्राफ अर्जाला जोडला की कोअर मिळायला फार सोपं जातं, कारण अर्ज वाचणाऱ्यालाही तेच बघायचं असतं.

अर्ज कुठे? पुण्यात राहून सुपरकॉम्प्युटर मिळत नाही म्हणणं म्हणजे कोकणात राहून मासे मिळत नाहीत म्हणण्यासारखं. सीडॅक इथेच १९८८ ला सुरू झालं, अमेरिकेकडून हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर मिळेना म्हणून, आणि भटकर सरांच्या टीमनं १९९१ ला ट्रान्सप्युटरच्या चिपा जोडून परम ८००० उभा केला, म्हणजे छोट्या चिपांना एकत्र कामाला लावायचं, हीच पॅरललची कल्पना. त्याच्याही आधी, १९८६ ला, बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेत फ्लोसॉल्व्हर झाला होता, तो तर खास हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवायलाच. आता नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तशाच मशीन देशभरच्या आयआयटींमध्ये आहेत, गाईडच्या सहीनं रीतसर अर्ज करायचा. पाषाणलाच आयआयटीएममध्ये अर्का आहे, ११.७७ पेटाफ्लॉप, पण तो हवामानाचा. हवा तीच असली तरी आपली रांग तिथे नाही.

किती मागायचं त्याचा हिशोब असा. एका फेरीत रोटरचं ब्लेड ४६ स्टेटरांसमोरून जातं, प्रत्येकाला ५० टाइमस्टेप (काळाचे बारीक तुकडे), म्हणजे फेरीला २३००, प्रत्येक स्टेपला २० आतल्या इटरेशन, ४६ हजार. स्केलिंग टेस्टमध्ये एका इटरेशनला समजा अर्धा सेकंद लागला, तर फेरीला साडेसहा तासांच्या आत. प्रवाह स्थिरावायला आठ फेऱ्या धरा, ५१ तास, गुणिले ९६० कोअर, म्हणजे ४९ हजार कोअर-तास. त्यावर निम्मे अजून मागा कारण एक रन तरी वाया जातोच. आणि सुरुवात मिक्सिंग प्लेनच्या स्थिर उत्तरावरून करा, शून्यातून केली तर पहिल्या तीन-चार फेऱ्या कचरा काढण्यातच जातात.

क्लस्टरवर शिष्टाचार थोडेच. लॉगिन नोडवर सॉल्व्हर चालवायचा नाही, तिथे सगळे बसलेले असतात आणि अ‍ॅडमिनचा मेल सगळ्यांना सीसी करून येतो. सॉल्व्हर त्याच क्लस्टरच्या एमपीआयनं कंपाइल करा, घरून तयार बायनरी (चालवायची फाइल) उचलून आणू नका, ती चालते पण नोडमधलं वेगवान नेटवर्क न वापरता साध्या इथरनेटवरून, आणि तुम्हाला वाटतं मशीनच हळू आहे. रांग सांभाळणाऱ्या स्लर्म सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये वॉलटाइम, म्हणजे जॉबला लागणारा वेळ, लिहिता तेवढ्यालाच जॉब मारला जातो, दया नाही, म्हणून रीस्टार्ट फाइल दर दोन तासांनी तरी पडली पाहिजे. आणि ५१ तासांचा एक जॉब टाकण्यापेक्षा बारा-बारा तासांचे पाच, एकमेकांवर डिपेंडन्सी (आधीचा संपला की पुढचा) लावून, रांगेत लवकर घुसतात, सिंगल सीटवाल्याला थिएटरात जागा मिळते तसं.

शेवटी फाइली. सहा कोटी सेल, सात आकडे, प्रत्येकी आठ बाइट, एका क्षणाचा फोटो जवळपास साडेतीन जीबी. हौसेनं प्रत्येक टाइमस्टेप लिहिली तर एका फेरीला आठ टीबी, आणि तुमचा कोटा भरून रन रात्री तीनला मेलेला सकाळी कळतो. पूर्ण फाइल फेरीला दोन-तीन पुरेत. रोजच्या रोज फक्त काप लिहा, अर्ध्या उंचीवरचा आणि टिपजवळ ९५ टक्क्यांवरचा, शिवाय केसिंगवर आठ-दहा ठिकाणी प्रेशरचे पॉइंट, प्रत्येक स्टेपला. स्टॉलचा पट्टा फिरतो तो या पॉइंटच्या आलेखातच आधी दिसतो, एकापाठोपाठ एक पॉइंट खाली जातात. मोठ्या फाइली घरी ओढत बसू नका, पॅराव्ह्यू या चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर क्लस्टरवर चालवा आणि लॅपटॉपवर फक्त चित्र बघा, आणि जे खरंच आणायचं ते स्क्रॅचवरून (क्लस्टरची तात्पुरती डिस्क) आरसिंक या कॉपी करायच्या कमांडनं रात्री लावून द्या, कारण स्क्रॅच ठरावीक दिवसांनी आपोआप साफ होतं, किती दिवसांनी ते लॉगिन केल्या केल्या जो मजकूर येतो ना, जो कुणी वाचत नाही, त्यात लिहिलेलं असतं.